रोबो मध्येच रीसेट होतोय? कोडला हात लावण्याआधी या चुका टाळा

रोबो हातात उचलून धरला की चाकं झकास फिरतात. जमिनीवर ठेवला की दोन फूट जातो, अडखळतो आणि प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मग रात्रभर कोडची उलटापालट चालते. दोष मात्र बहुतेक वेळा वीजपुरवठ्यात असतो.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी. तिचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे ती मोठा करंट देऊ शकत नाही. पिवळ्या गिअरबॉक्सच्या दोन बीओ मोटर सुरू होताना किंवा अडकल्यावर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतात. तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं आणि आर्डुइनो, म्हणजे रोबोचा प्रोग्राम चालवणारा बोर्ड, रीसेट होतो. खात्री करायची तर मल्टिमीटरचे प्रोब बॅटरीवर ठेवा आणि चालू चाक क्षणभर हातानं अडवा. आकडा खाली येताना दिसेल.

तिच्याऐवजी 18650 आकाराचे दोन लिथियम सेल होल्डरमध्ये सिरीजनं जोडा. पूर्ण चार्ज असताना 8.4 व्होल्ट मिळतात, सरासरी 7.4. मोटरला वीज पुरवणारा एल298एन ड्रायव्हर त्यातले सुमारे 2 व्होल्ट स्वतःच खातो, म्हणजे मोटरपर्यंत साधारण साडेपाच पोचतात. 6 व्होल्टच्या मोटरला ते पुरतात. चार पेन्सिल सेलवर याच ड्रायव्हरनं रोबो रांगतो, त्याचं कारणही हेच.

आर्डुइनोसाठी व्होल्टेज कमी करणारा वेगळा एलएम2596 बक कन्व्हर्टर घ्या. जोडण्याआधीच मल्टिमीटर लावून त्याचं आउटपुट 5.0 वर आणा, मग ते 5 व्होल्टच्या पिनला द्या. यूएसबी केबल लावताना हा पुरवठा काढून ठेवा. सर्वो मोटरही याच कन्व्हर्टरवरून चालवा, बोर्डाच्या पिनवरून नको. बॅटरी, ड्रायव्हर आणि आर्डुइनो यांचा ग्राउंड एकत्र जोडलेला हवाच. नसेल तर मोटर मनाला येईल तशी वागते. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर 104 छापलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केला की ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास कमी होतो.

एक चूक धोक्याची आहे. टीपी4056 हे चार्जिंग मॉड्यूल एकाच सेलसाठी असतं. सिरीजमधल्या दोन सेलना ते लावू नका. दोन सेलचा बीएमएस (सेलचं रक्षण करणारं सर्किट) आणि 8.4 व्होल्टचा चार्जर घ्या. सेलवर थेट सोल्डरिंग तर कधीच नको.

लाइन फॉलोअर, म्हणजे रेषेवरून चालणारा रोबो, संध्याकाळी नीट चालतो आणि दुपारी खिडकीपाशी भरकटतो, कारण उन्हातही इन्फ्रारेड किरण असतात. रेषा ओळखणारा टीसीआरटी5000 हा इन्फ्रारेड सेन्सर जमिनीपासून 3 ते 5 मिलिमीटरवर बसवा, त्याला काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा करा आणि जिथे रोबो चालवायचा तिथेच त्याचा प्रीसेट (संवेदनशीलता ठरवणारा छोटा स्क्रू) फिरवून जुळवा.

चेसिसच्या बाबतीत कोल्हापूरकरांची चैन आहे. उद्यमनगरात पत्रा कापून, भोकं पाडून देणारे कुशल हात आहेत. पण तिथे मोबाइलवरचा फोटो घेऊन जाऊ नका. मिलिमीटरमधली मापं लिहिलेलं कागदी ड्रॉइंग न्या. एम3 स्क्रूसाठी भोक 3.2 मिलिमीटरचं सांगा, नाहीतर घरी येऊन कानस घासत बसाल. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बोर्ड थेट ठेवला तर शॉर्ट होतो. खाली नायलॉनचे स्पेसर लावा. बीओ मोटरचे स्क्रू फार आवळले तर तिचा प्लॅस्टिक गिअरबॉक्स दबतो आणि चाक जड फिरतं.

बॅटरीचं भान रोबोलाही देता येतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी 1948-49 मध्ये एल्मर आणि एल्सी ही यंत्र-कासवं बनवली. प्रत्येकात जेमतेम दोन व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या), तरी बॅटरी उतरली की ती दिव्याच्या रोखानं चार्जिंगच्या खोपटाकडे परतत. आपल्या रोबोत एवढं नको, दोन रेझिस्टर पुरेत. 10 किलोओहमचे दोन सिरीजमध्ये बॅटरीवर जोडा आणि मधला बिंदू आर्डुइनोच्या व्होल्टेज मोजणाऱ्या ए0 पिनला द्या. तिथे बॅटरीच्या निम्मं व्होल्टेज येतं. रीडिंग 675 च्या खाली, म्हणजे बॅटरी 6.6 व्होल्टच्या खाली गेली, की मोटर बंद करणारी ओळ कोडमध्ये टाका. मोटर सुरू होताना क्षणभर पडणारं व्होल्टेज फसवू नये म्हणून दहा रीडिंगची सरासरी घ्या.