घड्याळ केवढ्याला पडलं?

लग्नाच्या पंगतीत काकांची नजर मनगटावरच्या महागड्या घड्याळावर जाते आणि प्रश्न येतोच, "केवढ्याला पडलं रे?" आकडा सांगायलाच हवा असं नाही, पण कमी करून तर मुळीच सांगू नका. खोटी किंमत कधीतरी उघडी पडते आणि मग लपवाछपवीचीच चर्चा रंगते. "बरेच दिवस पैसे साठवून घेतलं, काका," एवढं पुरतं.

मग घड्याळ काढून सरळ त्यांच्या हातात द्या. ऑटोमॅटिक असेल आणि मागचं झाकण काचेचं असेल तर आतला रोटर, म्हणजे फिरणारं अर्धगोल वजन, दाखवा. हात हलला की तो फिरतो, स्प्रिंग गुंडाळली जाते, सेल लागतच नाही. त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी एचएमटीला रोज सकाळी चावी दिलेली असते. ते आपल्या घड्याळाबद्दल बोलू लागतील, मनापासून ऐका.

टोमणा मारणाऱ्याला हिशेब देत बसू नका. मात्र हप्त्यांवर घेतलं असेल आणि घरचे रागावले असतील, तर तो टोमणा समजू नका. त्यांच्यासोबत बसून हप्त्यांचं गणित मांडा. आणि अडचणीत असलेल्या माणसाला भेटायला जाताना ते घड्याळ कपाटातच ठेवा.