घरच्या सिंगल फेजवर कुट्टीची थ्री फेज मोटर चालवताय? आधी पत्त्या बघा

रब्बी सुरू झाली की शेतातली थ्री फेज लाईट पाण्यालाच पुरत नाही, त्यात काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, आणि जनावरांना कुट्टी तर रोज लागतेच. मग गोठ्यातली 2 एचपीची मोटर घरच्या सिंगल फेजवर फिरवायचं बरेच जण बघतात. होतं ते, पण काही विकत घ्यायच्या आधी मेन स्विच पाडून मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा.

आत सहा टोकं आणि नेमप्लेटवर 415 व्होल्ट स्टार (वाइंडिंगच्या जोडणीचा एक प्रकार, दुसरा डेल्टा) असेल तर काम सोपं. टोकं जोडणाऱ्या आडव्या पत्त्या काढून तीन उभ्या लावल्या की मोटर डेल्टा होते, मग तिला 230-240 व्होल्ट पुरतात. 415 ला डेल्टाच असलेल्या मोठ्या मोटरीला 230 दिलं तर जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो, ती घुं घुं करते, उचलत नाही आणि वाइंडिंग जातं. बोअरच्या सबमर्सिबलला बाहेर तीनच वायरी, पत्त्या बदलताच येत नाहीत, तिच्या नादी लागूच नका.

डेल्टा केली तरी तिसरा फेज तयार करावाच लागतो, त्याला दोन वाटा, कंडेन्सर किंवा ड्राइव्ह (सिंगल फेज घेऊन मोटरला थ्री फेज देणारा डबा, व्हीएफडी). कंडेन्सर स्वस्त पडतो, 2 एचपीला साधारण 100 मायक्रोफॅरडचा रनिंगचा (मोटर चालू असेपर्यंत जोडलेला राहणारा) लागतो, पण ताकद सत्तर टक्क्यांच्या आसपासच मिळते आणि गंमत म्हणजे मोकळी फिरताना एक वाइंडिंग जास्त तापतं, म्हणून वैरण संपली की लगेच बंद करा. माझं स्पष्ट मत, रोज चालवायची असेल तर सिंगल फेज इनपुटचा 1.5 किलोवॅटचा ड्राइव्हच घ्या. त्यात मोटरचा करंट भरताना नेमप्लेटवरचा स्टारचा आकडा तसाच टाकू नका, 1.73 ने गुणा, 3.3 असेल तर 5.7. स्टार्टिंगला, म्हणजे पूर्ण वेग धरायला, 8-10 सेकंद द्या, आणि ड्राइव्ह ते मोटर मध्ये स्विच अजिबात नको, चालूबंद ड्राइव्हवरूनच करायचं.

घरातल्या प्लगवरून नका चालवू हो, ड्राइव्ह 14-15 अँपिअरपर्यंत ओढतो, प्लग वितळतो. मीटरपासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी, चांगलं अर्थिंग. मंजूर लोड 1 किलोवॅटच असेल तर आधी वाढवून घ्या. कुट्टीचा भुसा ड्राइव्हच्या फॅनमध्ये बसतो, तो लांब भिंतीवर लावा आणि साफ करताना लाईट बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, आत करंट राहतो.

पट्टा चढवायच्या आधी मोटर नुसती फिरवून दिशा बघा, उलटी असेल तर मोटरकडच्या कुठल्याही दोन वायरी बदला.