तिहाई समेवर आणायची कशी? थोडं गणित, थोडं पायथॉन

तबला शिकणाऱ्या बऱ्याच जणांना तयार तिहाया पाठ असतात, पण स्वतःची बनव म्हटलं की गाडी अडते, खरं तर हिशोब शाळेतल्या बेरजेएवढाच आहे. तिहाई म्हणजे एकच बोल (तबल्याच्या अक्षरांचा तुकडा) तीनदा, मध्ये दोनदा दम म्हणजे थांबा, आणि शेवटचा धा बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर.

तर आधी बोलाच्या मात्रा, म्हणजे ठोके, मोजा. त्यांची तिप्पट अधिक दमाची दुप्पट, ही बेरीज 16 मात्रांच्या तीनतालात किती हवी? 16 नाही, 17! समेपासून उचललं तर शेवटचा धा पुढच्या आवर्तनाच्या (तालाच्या फेरीच्या) पहिल्या मात्रेवर पडायला हवा, ती एक मात्रा धरायची राहिली की धा 16 वरच पडतो. प्रोग्रॅमिंगवाल्यांचा ऑफ बाय वन एरर, म्हणजे मोजणीत एकाने चुकणं, तो हाच.

आता 5 मात्रांचा बोल घ्या, दम 1. टाळी देत म्हणा: तिट कत गदि गन धा ऽ (ऽ म्हणजे दम), असं तीनदा, शेवटी दम नाही. पहिला धा 5 व्या मात्रेच्या टाळीवर येतो, दुसरा 11 वर, जिथे टाळीही नाही आणि खालीही (टाळीऐवजी हात उघडा दाखवायची मात्रा) नाही, मजा इथेच आहे, तिसरा बोल 13 च्या टाळीवरून उचलला की धा थेट समेवर.

बाकीचे पर्याय पायथॉनला शोधू द्या. बोलासाठी 1 ते 5 लूप लावा, रेंजमध्ये वरचा आकडा 6 लिहायचा, कारण पायथॉन तो वरचा आकडा धरत नाही, इथेही तोच एक! 17 मधून बोलाची तिप्पट वजा करा, उरलेल्याला 2 ने भाग गेला तर भागाकार हाच दम. उत्तरं तीनच येतात: बोल 1 दम 7, बोल 3 दम 4, बोल 5 दम 1. पहिला कागदावर बरोबर असला तरी माझ्या मते वाजवायला बोअर आहे.

खालीपासून म्हणजे 9 व्या मात्रेपासून उचलायची असेल तर 17 च्या जागी 9 टाका, 3 मात्रांचा बोल दमाशिवाय बसतो, ही बेदम तिहाई. 10 मात्रांच्या झपतालाला समेपासून 11, 7 मात्रांच्या रूपकला 8.

चक्रदार म्हणजे लूपच्या आत लूप, अख्खी तिहाईच तीनदा. झपतालातली 11 ची तिहाई घ्या, गदि गन धा आणि 1 दम, ती तीनतालात समेपासून सलग तीनदा वाजवा, 33 होतात, म्हणजे दोन आवर्तनं अधिक एक. लेहरा (तालाची फेरी दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी धून) लावून आधी पढंत करा, म्हणजे बोल तोंडाने म्हणा, मग तबल्यावर हात ठेवा.