वारंवार मोजमापांचा डेटा हाताळताना: एक माणूस आणि सगळी माणसं

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली-रबाळेला कामाला जाणाऱ्या ६० जणांची तुम्ही प्रत्येकी १० दिवस माहिती घेतली आहे, असं धरू. घरातून निघून ऑफिसात पोचायला किती मिनिटं लागली आणि रात्री थकवा १० पैकी किती, एवढंच. रिग्रेशन तुम्हाला येतं, त्यात वेळ घालवत नाही.

आधी डेटा उभा करा: माणूस आणि दिवस मिळून एक ओळ, म्हणजे ६०० ओळी. मग वीसेक जणांच्या रेषा एकाच आलेखावर काढून नीट बघा. हे टाळून थेट मॉडेलला हात घालणाऱ्यांचे निष्कर्ष मी गंभीरपणे घेत नाही.

आता खरा सापळा. ‘प्रवास वाढला की थकवा वाढतो का?’ या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न दडलेत. समजा, कळव्याच्या एका बाईंचा प्रवास सरासरी ४० मिनिटांचा आणि थकवा ६. गाडी रखडून ५० मिनिटं लागली त्या दिवशी थकवा ७. घोडबंदर रोडवरच्या एका गृहस्थांचा प्रवास सरासरी ८० मिनिटांचा, पण काम हलकं, म्हणून थकवा ४. ९० मिनिटं लागली त्या दिवशी ५. दोघांची आपसात तुलना केली तर दर १० मिनिटांमागे थकवा अर्ध्या गुणाने कमी दिसतो. प्रत्येकाची त्याच्या स्वतःशीच तुलना केली, तर दर १० मिनिटांमागे एका गुणाने वाढतो. चिन्हच उलटं!

मिश्र मॉडेलमध्ये (एकाच माणसाच्या अनेक नोंदी एकमेकींशी जोडलेल्या धरणारं रिग्रेशन) नुसती मिनिटं टाकलीत की या दोन्ही उतारांची सरमिसळ होऊन एकच आकडा येतो. रँडम इंटरसेप्ट, म्हणजे प्रत्येकाला स्वतःची वेगळी मूळ पातळी, दिला म्हणून सुटका होत नाही. सगळ्यांच्या मिनिटांतून एकच एकूण सरासरी वजा केली तरी होत नाही, कारण त्याने फक्त शून्याची जागा सरकते. इथेच बहुतेक जण ‘सेंटरिंग केलं’ म्हणून निश्चिंत होतात. करायचं असं: प्रत्येकाची स्वतःची सरासरी काढा, रोजच्या आकड्यातून ती वजा करा, आणि सरासरी व फरक दोन्ही वेगवेगळे चल म्हणून मॉडेलमध्ये घाला. फरकाचा सहगुणक त्याच माणसातला बदल सांगतो, सरासरीचा सहगुणक माणसामाणसांतला. रँडम स्लोप, म्हणजे माणसागणिक वेगळा उतार, द्यायचा तो फरकाला. मोजणी मे ते जुलै चालली असेल, तर पावसात मिनिटंही वाढतात आणि थकवाही. म्हणून काळही मॉडेलमध्ये हवा. दर माणशी तीन-चारच नोंदी असतील तर ती सरासरीच डळमळीत असते, तिच्या सहगुणकावर फार बोलू नका.

क्रॉस-लॅग्ड मॉडेलमध्येही (आधीच्या वेळचं एक चल पुढच्या वेळच्या दुसऱ्या चलाचा अंदाज देतं का, हे पाहणारं) हीच गल्लत होते. एलेन हॅमाकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ती दाखवून रँडम इंटरसेप्टची सुधारित रचना मांडली. तुमचे मार्गदर्शक जुनीच रचना वापरायला सांगत असतील, तर दोन्ही चालवून निकाल शेजारीशेजारी ठेवा. वाद घालण्यापेक्षा हे बरं. ज्यांनी कित्येक वर्षांत कच्चा डेटा उघडलेला नाही, त्यांचा विषयातला सल्ला घ्या, मॉडेलची निवड मात्र स्वतः समजून करा.

काळासोबत होणारा बदलच मोजायचा असेल, तर दोन वेळच्या मोजणीत प्रत्येकाचा रँडम स्लोप आणि मापनातली चूक वेगळी काढता येत नाही. चार अज्ञात राशी आणि माहिती तीनच. किमान तीन वेळा मोजा, जमल्यास चार-पाच.

‘सिंग्युलर फिट’चा, म्हणजे डेटाला पेलणार नाही इतकं मॉडेल गुंतागुंतीचं झाल्याचा, इशारा आला तर घाबरू नका. स्लोपचं व्हेरियन्स (माणसागणिक होणारी तफावत) शून्याजवळ आहे की इंटरसेप्ट आणि स्लोप यांचा सहसंबंध एक किंवा उणे एकला टेकलाय ते पाहा, आधी सहसंबंध काढून बघा. फिक्स्ड इफेक्ट (सगळ्यांना सारखेच लागू होणारे सहगुणक) वेगवेगळे असलेल्या मॉडेलांची तुलना करताना आरईएमएल ही अंदाजपद्धत नको, एमएल (मॅक्सिमम लाइकलीहूड) वापरा.

मधल्या काही दिवसांच्या नोंदी राहून गेलेल्यांना वगळू नका. रिपीटेड मेझर्स अनोव्हा (वेगवेगळ्या वेळच्या सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) अख्खा माणूस टाकून देतो, मिश्र मॉडेल त्याच्या उरलेल्या ओळी वापरतं. मात्र गळतीचं कारण नोंदवलेल्या माहितीतून कळण्यासारखं असेल तरच हे चालतं. थकव्यामुळेच नोंद राहिली आणि तो थकवा कुठेच लिहिलेला नसेल, तर कोणतंही पॅकेज ते भरून काढणार नाही; म्हणून नोंद का राहिली, हा रकाना पहिल्याच दिवशी फॉर्ममध्ये घाला.