स्वतःची काळजी घेताना या चुका टाळा: सगळं करूनही मन थाऱ्यावर का येत नाही?

सकाळी दीर्घ श्वसन, रात्री डायरी, मोबाईलवर ध्यानाचं ॲप, जमेल तसं चालणं. एवढं सगळं चालू असतं आणि महिनाभराने माणूस वैतागून म्हणतो, "मला काही फरक पडत नाही." मग नवा उपाय शोधायची धावपळ सुरू होते. थेरपीत अशा वेळी आधी जुन्याच उपायाची चौकशी केली जाते, कारण दोष बहुतेकदा वापरात निघतो. वेळ चुकलेली असते, मात्रा जास्त झालेली असते, किंवा नकोशी वाटणारी एखादी गोष्ट टाळण्यासाठी तो उपाय हाताशी धरलेला असतो.

यातलं शेवटचं कारण सर्वांत उशिरा लक्षात येतं. ते ओळखायचं असेल तर उपाय केल्यावर लगेच कसं वाटलं हे बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काय परिस्थिती आहे ते बघा. झोप झाली का? अडलेलं काम, टाळलेला फोन, न दिलेलं उत्तर जरा तरी पुढे सरकलं का? रात्री दोनपर्यंत मालिका बघत बसलं की त्या वेळी हायसं वाटतंच. दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरतात, काम तिथेच असतं आणि वर अपराधी वाटतं. क्वचित कधीतरी अशी पळवाट घ्यायला हरकत नाही. पण रोज घेतली तर मेंदू एवढंच शिकतो की टाळल्याने सुटका होते, आणि पुढच्या वेळी टाळायची ओढ आणखी वाढते.

"मूड आला की करेन"

मन उदास असताना हा मूड येतच नाही. हालचाल कमी झाली की बरं वाटायला लावणारे प्रसंग कमी होतात, त्याने मन आणखी खचतं आणि हालचाल आणखी घटते. म्हणून इथे कृती आधी आणि मूड मागून, असा क्रम ठेवावा लागतो. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या कॉग्निटिव्ह थेरपीचे (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा, बोलण्यातून होणारा उपचार) भाग सुटे करून तपासले. फक्त कृती वाढवण्याच्या भागाचा उपयोग पूर्ण उपचाराइतकाच झाला.

लोक चुकतात ते आकारात. "घर आवरायचं", "व्यायाम सुरू करायचा" ही कामं खचलेल्या दिवशी डोंगराएवढी होतात. काम असं निवडा की सगळ्यात वाईट दिवशीही होईल. टेबलावरचे कप उचलून बेसिनमध्ये ठेवायचे, बस्स. बूट घालून गेटपर्यंत जाऊन परत यायचं. आणि त्याला रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीची जोड द्या: "जेवून हात धुतले की बूट घालायचे." "संध्याकाळी कधीतरी" असं ठरवलेलं चालणं सहसा होत नाही.

दुसरी चूक नोंदीत होते. आठवडाभर रोज काय केलं ते लिहा आणि प्रत्येक गोष्टीपुढे ० ते १० मध्ये दोन आकडे टाका: किती आनंद मिळाला आणि किती "जमलं" असं वाटलं. बरेच जण पहिलाच आकडा बघतात, तो १ किंवा २ दिसतो आणि सोडून देतात. नैराश्यात आनंद उशिरा परततो. "जमलं"चा आकडा आधी हलायला लागतो, सुरुवातीला त्याच्यावरच लक्ष ठेवा.

सवय २१ दिवसांत लागते हा आकडा विसरलेला बरा. फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. मध्ये एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडलं नाही. ॲपमधली सलग दिवसांची साखळी तुटली की सगळंच सोडून देणाऱ्यांनी ती साखळी दाखवण्याची सोय खुशाल बंद करावी.

श्वसनाने चक्कर येते

घाबरल्यावर "मोठ्ठा श्वास घे" असा सल्ला मिळतो आणि माणूस छाती भरून भराभर श्वास ओढू लागतो. घाबरलेल्या माणसाचा श्वास आधीच वाढलेला असतो. त्यात भर पडली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात. मग "आता नक्की काहीतरी होतंय" म्हणून भीती दुप्पट होते.

श्वास मोठा घेण्यापेक्षा सावकाश घ्यायचा असतो. टेकून बसा, एक हात पोटावर ठेवा. नाकाने ४ मोजेपर्यंत नेहमीएवढाच श्वास आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण ६ श्वास होतात. ४ आणि ६ जमत नसेल तर ३ आणि ४ ने सुरुवात करा. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागतोय एवढं सांभाळलं तरी चालतं. पाच मिनिटं पुरेत. गरगरलं तर मोजणं थांबवा आणि श्वास आपोआप चालेल तसा चालू द्या.

हा सराव शांत असताना, रोज, करायचा असतो. जीव घाबरा झाल्यावरच पहिल्यांदा करून बघितला तर तो हमखास फसतो. आणखी एक गोम आहे. प्रत्येक मीटिंगआधी, प्रत्येक फोनआधी श्वसन केल्याशिवाय पाऊल उचलता येईनासं झालं, तर ते श्वसनही टाळाटाळच झाली. मग आठवड्यातून दोनतीन छोटे फोन मुद्दाम श्वसन न करता, धडधडत्या छातीनेच करायचे.

"तो विचारच नको"

१९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल मनातून जाईना, आणि बंदी उठल्यावर तर ते अधिकच येऊ लागलं. काळजीचंही असंच होतं. विचार दाबण्यापेक्षा त्याला वेळ ठरवून देणं जास्त कामी येतं. ही पद्धत थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली.

रोज एकच वेळ, एकच जागा, अर्धा तास. झोपेच्या आधीची वेळ नको आणि अंथरूण तर मुळीच नको. दिवसभरात काळजी डोकावली की ती चारपाच शब्दांत टिपून ठेवायची आणि हातातल्या कामाकडे परत यायचं. ठरलेल्या वेळी वही उघडायची, पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे "माझ्या हातात काहीतरी आहे", उजवीकडे "नाही". समजा टिपणात आहे: "साहेबांनी मेलला उत्तर दिलं नाही." हे डावीकडे, आणि त्याखाली पुढची एकच कृती, वेळेसकट: "उद्या ११ वाजता दोन ओळींचा आठवणीचा मेल." दुसरं टिपण: "आईला अचानक काही झालं तर?" आईची तपासणी राहून गेली असेल तर ती डावीकडे लिहा. उरलेला "तर?" उजवीकडे. त्याखाली काही लिहायचं नाही. वाचायचा, मनात काय उठतं ते तसंच राहू द्यायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. अर्धा तास संपला की वही बंद, काळजी उरली असली तरी. उरलेली उद्याच्या पानावर.

पहिले काही दिवस उजव्या रकान्यात उपाय लिहायचा मोह होतो. तो आवरला नाही तर ही वही काळजी वाढवायचं साधन होऊन बसते.

डायरी लिहून आणखी जड वाटतं

मागच्या तीन नोंदी सलग वाचा. माणसं तीच, तक्रार तीच, "माझ्याच बाबतीत असं का?" हा प्रश्नही तोच असेल, तर ते लिहिणं म्हणजे विचारांचं रवंथ आहे. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये तपासलेली पद्धत यापेक्षा बरीच आटोपशीर होती: सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, एका प्रसंगाबद्दल, घडलेलं आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही. लिहून झाल्यावर थोडा वेळ मन जड होणं अपेक्षित असतं. दिवसेंदिवस तसंच राहत असेल तर थांबायचं. घटना अगदी ताजी असेल, किंवा आठवताना अंग थरथरत असेल, तर हा प्रयोग एकट्याने करू नका.

रोज लिहायची आवड असेल तर "का" ऐवजी "नेमकं काय" आणि "आता कसं" विचारा. "मी अशी का आहे?" याला उत्तर नसतं. "तिने मान फिरवली तेव्हा मी काय समजले, आणि दुसरं काय असू शकेल?" याला असतं.

राग बाहेर काढला की शांत वाटेल?

उशी बडवा, ओरडा, मोकळे व्हा, हा सल्ला लोकप्रिय आहे आणि चुकीचा आहे. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात चिडवणाऱ्या व्यक्तीला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅग बडवणारे लोक, नुसत्या शांत बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले राहिले. मैत्रिणीपाशी तासभर तेच तेच उगाळण्याचाही परिणाम असाच होतो. बोलावं जरूर, पण पंधरावीस मिनिटांनी एकीने विचारावं: "मग आता काय करायचं ठरवतेस?"

झोपेची उलटी मेहनत

झोप येत नाही म्हणून लवकर अंथरुणात शिरणं, रविवारी उशिरापर्यंत लोळून कसर भरून काढणं, रात्री घड्याळ बघत राहणं: तिन्हींनी झोप बिघडते. तासन्‌तास जागं पडून राहिलं की अंथरूण आणि जागेपण यांची जोडी मेंदूत पक्की होते. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी दिलेले नियम आजही निद्रानाशाच्या थेरपीचा कणा आहेत. पेंग आल्यावरच पडायचं. साधारण २० मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं (घड्याळ न बघता) तर उठायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि पेंग आली की परतायचं. उठायची वेळ सातही दिवस एकच. दुपारची झोप बंद. पहिला आठवडा थकवणारा जातो आणि नेमकं तेव्हाच लोक सोडतात. दिवसा गाडी किंवा यंत्र चालवावं लागत असेल, फिट्स येत असतील किंवा बायपोलर आजार असेल तर हे डॉक्टरांशी बोलूनच करा.

कॉफीचं गणितही बघा. २०१३ च्या एका अभ्यासात झोपेच्या ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनने झोप तासाभराहून जास्त कमी झाली. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते.

नाही म्हणताना

दोन चुका. पहिली, लांबलचक स्पष्टीकरण. प्रत्येक कारणागणिक समोरच्याला वाद घालायला एक नवी जागा मिळते. "या शनिवारी मला जमणार नाही" एवढं पुरतं. आग्रह झाला तर तेच वाक्य, त्याच आवाजात. दुसरी, स्वतःची मर्यादा सांगण्याऐवजी दुसऱ्याला नियम घालणं. "रात्री फोन करत जाऊ नकोस" हे पाळणं त्याच्या हातात आहे. "दहानंतर मी फोन उचलणार नाही, सकाळी करेन" हे तुमच्या. सुरुवातीला फोन वाढतील. पाचव्या फोनला उचललात तर पाच फोन करावे लागतात एवढंच समोरचा शिकेल.

घरचे उपाय कधी थांबवायचे

दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटत असेल किंवा कशातच रस उरला नसेल, आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर चालणं आणि डायरीवर विसंबून राहू नका. पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते बघणारी ९ प्रश्नांची चाचणी मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर तज्ज्ञाकडे जावं. मात्र गुण म्हणजे निदान नव्हे, आणि गुण कमी आले तरी नववा प्रश्न वेगळा बघायचा असतो, कारण तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. असे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी स्पष्ट शब्दांत सांगा. इच्छा तीव्र असेल किंवा बेत मनात असेल तर एकटे राहू नका, इजा करता येईल अशा वस्तू घरच्यांकडे द्या आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेला फोन करा.

थायरॉइड मंदावणं, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता यांतही थकवा आणि उदासी येते. रक्ततपासणी राहिली असेल तर ती करून घ्या.

नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आठव्या दिवशी "लागू पडत नाही" म्हणून सोडू नका. बरं वाटल्यावर एकदम बंदही करू नका. चक्कर, बेचैनी, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं असे त्रास होतात. डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवायचा असतो.

थेरपीत सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे बिघडलेल्या आठवड्यात सेशन रद्द करणं. त्याखालोखाल, थेरपिस्टला वाईट वाटेल म्हणून "हे मला जमत नाहीये" हे न सांगणं. पहिल्या भेटीला एका कागदावर एवढं लिहून न्या: त्रास कधीपासून, झोपेच्या आणि उठण्याच्या वेळा, भूक आणि वजन, चालू औषधं, दारू-तंबाखूचं प्रमाण, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, आणि आतापर्यंत कोणता उपाय किती आठवडे, दिवसातून कितीदा केला.