जुना, मंद लॅपटॉप पुन्हा कामाला लावताय? या चुका टाळा

जुना लॅपटॉप हळू चालू लागला की घरात निकाल लागलेलाच असतो: मशीन म्हातारं झालं. मग ते माळ्यावर जातं, नाहीतर बारक्याला गेम खेळायला दिलं जातं. खरं तर प्रोसेसर वयामुळे मंद होत नाही. २०१३ साली तो ज्या वेगाने आकडेमोड करायचा, त्याच वेगाने आजही करू शकतो. झिजते ती हार्डडिस्क, तुंबतो तो पंखा आणि वर्षागणिक जड होत जातात ती सॉफ्टवेअरं. यातलं नेमकं कोण अडवतंय हे न बघता पैसे घालणं, ही जळगाव-धुळ्याकडे सर्रास दिसणारी चूक. बाकीच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटातून निघतात.

न तपासता रॅम वाढवणं

“रॅम टाकून घ्या भाऊ, पळायला लागेल,” हा सल्ला दुकानात फुकट मिळतो. कधी लागू पडतो, कधी नाही. लॅपटॉप सुरू करा, काहीही न उघडता पाच-दहा मिनिटं तसाच राहू द्या आणि मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. तिथे सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क असे रकाने असतात. काही काम चालू नसताना डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटून बसली असेल आणि मेमरीत मात्र जागा शिल्लक असेल, तर दोष हार्डडिस्कचा. मेमरी पण नव्वदच्या वर असेल, तर रॅम खरंच अपुरी आहे. रॅममध्ये न मावलेलं विंडोज डिस्कवर नेऊन ठेवतं, म्हणून अशा वेळी दोन्ही रकाने लाल दिसतात.

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा पहिला प्रकार सापडतो. आतली हार्डडिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी असते आणि विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली तिला इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसतो. मशीन जुनं असलं, त्याच्या साटा जोडणीचा (डिस्क मदरबोर्डला जोडली जाते तिचा) वेग कमी असला, तरी फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. हातात एकाच वस्तूचे पैसे असतील तर मी डोळे झाकून एसएसडी घ्यायला सांगेन. फक्त घेताना आकार बघा. बहुतेक जुन्या लॅपटॉपना अडीच इंची साटा एसएसडीच लागते. दुकानदाराने नवी पट्टीसारखी एम.२ एनव्हीएमई दिली, तर ती बसायला जागाच नसते. काही मशीनमध्ये एम.२ची खाच असते, पण ती फक्त साटावाली पट्टी ओळखते.

रॅमच घ्यायची ठरली तर जुनी पट्टी काढून सोबत न्या. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्या, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ वर. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनचे बरेच लॅपटॉप १.५ व्होल्टची पट्टी घेत नाहीत, पडदा काळाच राहतो. मग “मदरबोर्ड गेला” असं निदान होतं आणि चांगलं मशीन भंगारात जातं. आणखी एक: विंडोज ३२ बिटचं असेल तर ८ जीबी टाकूनही ते साडेतीनच्या आसपासच वापरतं.

मरायला टेकलेल्या डिस्कवर प्रयोग करणं

डिस्क टक-टक आवाज करत असेल, फाइल उघडताना मशीन गोठत असेल, तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध. पिवळं दिसलं की डीफ्रॅग (फाइली सलग लावणं) नाही, स्कॅन नाही, सगळ्या डिस्कची नक्कलही नाही. परत मिळणार नाही ते आधी बाहेर काढा: लग्नाचे फोटो, मुलांच्या गुणपत्रिका, टॅलीचा डेटा, सातबाऱ्याच्या आणि खरेदीखताच्या स्कॅन प्रती. गाणी आणि पिक्चर नंतर. जुनी डिस्क धड असेल तर साध्या यूएसबी केसमध्ये घालून ती बॅकअपला वापरता येते.

खान्देशातला उन्हाळा हिशेबात न धरणं

बाहेरचे सल्ले इथे अपुरे पडतात. बहुतेक कंपन्या लॅपटॉपसाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत धरतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला भुसावळ-जळगावचा पारा ४३-४४ वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते सांगायला नको. आतला प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. वापरणाऱ्याला एवढंच दिसतं की लॅपटॉप रडतोय.

याची परीक्षा सोपी आहे. तेच काम सकाळी सहाला करून बघा आणि दुपारी तीनला करून बघा. सकाळी बरा आणि दुपारी मंद असेल तर आजार उष्णतेचा. त्यावर ना रॅम चालते, ना विंडोज पुन्हा टाकून काही होतं.

उष्णता आत अडकते ती धुळीमुळे. आपल्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ आहेच, पण धरणगाव, चोपडा भागात जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या मशीनमध्ये कापसाचं तूसही सापडतं. ते पंखा आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या जाळीच्या मधोमध जमून नमद्यासारखं घट्ट बसतं. बाहेरून फुंकर मारून ते निघत नाही, उलट जाळीत आणखी रुततं. तळ उघडून पंखा बाजूला काढला की चिमट्याने अख्खी पट्टी निघते.

इथे एक हौशी उपाय फार चालतो: लॅपटॉप पंक्चरच्या दुकानात नेऊन टायरच्या हवेने साफ करणं. कॉम्प्रेसरच्या त्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे थेंब असतात, दाब प्रचंड असतो, आणि पंखा त्याच्या झेपेबाहेर फिरून कायमचा खरखरायला लागतो. मऊ ब्रश आणि हाताने दाबायचा रबरी ब्लोअर पुरे. हवा मारताना पात्यात काडी अडकवून पंखा स्थिर धरा. प्रोसेसरची उष्णता जाळीकडे नेणारी, त्याच्यावरची थर्मल पेस्ट पाच-सात वर्षांत वाळून कोरडी पडते. ती पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. जास्त लावली म्हणजे जास्त थंड राहील असं नाही.

दुसरी सवय कूलरसमोर लॅपटॉप मांडून बसण्याची. वाळ्याची गारेगार हवा माणसाला बरी वाटते, पण तिच्यात दमटपणा असतो आणि कधी कधी तुषारही. कूलर एका बाजूला ठेवा, तोंडासमोर नको. लॅपटॉपही गादीवर नको, कारण हवा आत घ्यायची जाळी तळाशीच असते.

बॅटरीचं बघा. उष्णतेने लिथियमची बॅटरी फुगते. टचपॅड वर उचलला गेलाय, तळाचं झाकण नीट बसत नाही, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो, ही त्याची लक्षणं. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची तर नाहीच. ती काढून टाका. पुष्कळ जुने लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतात. लाइट गेली की मात्र काम गेलं, हे धरून चला. भारनियमन असेल तिथे छोटा यूपीएस लावा.

चार्जर कुठलाही चालतो असं समजणं

ही चूक फार कमी लोकांच्या ध्यानात येते. काही कंपन्यांच्या, विशेषतः डेलच्या, चार्जरच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. चार्जर किती वॅटचा आहे हे लॅपटॉप तिच्यातून ओळखतो. डुप्लिकेट चार्जर लावला किंवा ती सुई वाकली, की ओळख पटत नाही. मग बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम सावकाश चालवला जातो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात कामाच्या वेळीही वेग एक गिगाहर्ट्झच्या खालीच अडकलेला दिसला आणि मशीन गरमही नसेल, तर पहिला संशय चार्जरवर घ्या. शेजाऱ्याचा असली चार्जर दहा मिनिटं लावून बघितला की उलगडा होतो. म्हणजे विंडोज चार वेळा फॉरमॅट केलेलं असतं आणि दोष चार्जरचा निघतो!

पत्र्याच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातलं अर्थिंग बघा. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात कसाबसा बसवणं हे त्यामागचं नेहमीचं कारण.

सिस्टीम निवडताना घाई

विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट २०२० च्या जानेवारीत संपले आणि क्रोमनेही २०२३ च्या सुरुवातीला त्याची साथ सोडली. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. ही अट चुकवून ते जुन्या मशीनवर बसवणारे बहाद्दर आहेत, पण मायक्रोसॉफ्ट तिथे अपडेटची हमी देत नाही. “लाइट विंडोज” म्हणून पेनड्राइव्हवर फिरणारी क्रॅक आवृत्ती तर बँकेचा पासवर्ड टाकायच्या मशीनवर नकोच.

अभ्यास, इंटरनेट, पत्रव्यवहार, हिशेब एवढंच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चांगली. २ जीबी रॅमवर ती सुरू होते, पण ब्राउझरसाठी ४ जीबी हवीच. ‘माझं मशीन ३२ बिटचं आहे, मिंट चालणार नाही’ असं पुष्कळ जण सांगतात. बहुतेक वेळा ३२ बिटचं असतं ते त्यावरचं विंडोज. कोअर टू ड्युओसुद्धा ६४ बिटचा आहे. खरोखर ३२ बिटची म्हणजे ॲटम एन२७० वाली सुरुवातीची नेटबुकं.

मिंट थेट बसवू नका. पेनड्राइव्हवरून तसंच चालवून बघा. पेनड्राइव्ह निवडायचा मेनू उघडायला डेल, लेनोवो आणि एसरला सुरू करताना एफ१२, एचपीला एफ९, आसूसला एस्केप. आवाज, कॅमेरा, वायफाय, पडद्याचा उजेड, सगळं तपासा. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. ब्रॉडकॉमच्या चिपला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायला इंटरनेट हवं, असा पेच असतो. मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. बसवताना ‘इरेज डिस्क’ निवडलं की डी ड्राइव्हही जातो, हे ध्यानात ठेवा.

टॅली, श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) किंवा सेवा केंद्रातलं डिजिटल सहीचं टोकन ज्या मशीनवर चालतं, त्याला हात लावू नका. तिथे एसएसडी टाकून विंडोजच ठेवा. नुसतं मराठी लिहायचं असेल तर लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासून असतो, आणि कृतीदेवमधल्या जुन्या फाइली वाचायला त्या फाँटची फाइल टाकली की पुरतं. क्रोमओएस फ्लेक्स हाही मोफत पर्याय आहे, पण त्यावर प्ले स्टोअरची ॲप चालत नाहीत. ती चालतील म्हणून घेणारे निराश होतात.

काम न ठरवता मशीन तयार करणं

जुन्या लॅपटॉपला एकच काम द्या, तो वर्षानुवर्षं करतो. सगळीच कामं दिली की कुरकुरतो. पडदा फुटलेला लॅपटॉप जुन्या मॉनिटरला किंवा टीव्हीला जोडून बिलिंगच्या टेबलावर छान चालतो. शेतीचा खर्च, केळीच्या घडांची पट्टी, मजुरी असा हिशेब लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये (एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर) ठेवता येतो. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या ज्या पाड्यांवर रेंज धड नाही, तिथल्या शाळेत किविक्स हे सॉफ्टवेअर टाकून अख्खा मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय उघडता येतो. तो पेनड्राइव्हमध्ये मावतो. जुन्या मशीनचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

यूट्यूबवरचे धडे अडकत असतील तर इंटरनेटला दोष देण्याआधी ब्राउझरमध्ये एच२६४-इफाय (h264ify) हे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाका. यूट्यूब नव्या पद्धतीने आवळलेला व्हिडिओ पाठवतं आणि जुन्या चिपला तो उलगडता येत नाही. एक्स्टेंशन जुन्या पद्धतीचा मागवतं. व्हिडिओचा दर्जा ४८० किंवा ७२० वर ठेवा.

दर वेळी सुरू करताना तारीख मागे जात असेल आणि प्रत्येक वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत असेल, तर तो व्हायरस नव्हे. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय. बहुतेक सीआर२०३२ असतो, फक्त लॅपटॉपमध्ये तो कधी कधी वायर आणि कनेक्टरसकट येतो, तसाच मागा.

मदरबोर्डच गेला असेल तर थांबा. दुरुस्तीच्या पैशात कंपन्यांमधून निघालेला वापरलेला लॅपटॉप पाहता येतो. जुन्यातली रॅम, एसएसडी, चार्जर काढून घ्या. उरलेलं भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकण्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. त्यासाठीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. हार्डडिस्क मात्र तशीच देऊ नका. क्विक फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून आधारच्या प्रती आणि फोटो परत निघतात. सगळी डिस्क एकदा पूर्ण पुसा, किंवा ती घरातच ठेवून घ्या.