फ्रेंच विद्यार्थ्यांचं ‘मस्ट’ कुठे घसरतं? या चुका टाळा

ऑनलाइन शिकवणीला फ्रेंच भाषक विद्यार्थी आला, की बहुतेक शिक्षक आधी त्याच्या उच्चारांच्या मागे लागतात. उच्चार थांबू शकतात. खरे गैरसमज होतात ते ‘मस्ट’, ‘हॅव टू’ आणि ‘अलाउड’ यांच्यावरून. फ्रेंचमधलं ‘दव्वार’ हे एकटं क्रियापद सक्ती, सल्ला, अंदाज, ठरलेलं वेळापत्रक आणि झालंच तर उधारी, एवढं सगळं सांभाळतं. ‘दव्वार म्हणजे मस्ट’ एवढंच डोक्यात बसलं, तर ‘आय मस्ट यू टेन युरोज’ हे वाक्य कधीतरी कानावर पडणारच. तिथे ‘ओ’ (owe, म्हणजे देणं लागणं) हवं.

सगळ्यात महागात पडणारी चूक नकारात आहे. तुम्ही म्हणता, ‘यू डोन्ट हॅव टू कम टुमॉरो’. तुमच्या मते सुट्टी दिली, त्याच्या मते येण्यावर बंदी आली. कारण ‘त्यू न द्वा पा’ म्हणजे करू नकोस, आणि ‘हॅव टू’सारखंच दिसणारं ‘त्यू ना पा आ क्रिए’सुद्धा बहुतेकदा ‘ओरडायचं काही कारण नाही’ असं दटावणंच असतं. मराठीत ‘यायची गरज नाही’ आणि ‘येता कामा नये’ यांत घोटाळा होत नाही, म्हणून इथे काही अडत असेल अशी शंकाच आपल्याला येत नाही. नियम सांगत बसू नका, एकच प्रश्न विचारा: तरीही केलं तर चालेल का? चालणार असेल तर ‘डोन्ट हॅव टू’, नसेल तर ‘मस्टन्ट’. ‘डोन्ट हॅव टू’ची गाठ फ्रेंचमधल्या ‘त्यू ने पा ओब्लिजे द’शीच मारून द्या, तिथे अर्थ तंतोतंत जुळतो.

दुसरा घोळ काळाचा. ‘इल आ द्यू पार्तीर’ याचे अर्थ दोन: त्याला जावं लागलं, किंवा तो गेला असावा. इंग्रजीत पहिल्याला ‘ही हॅड टू लीव्ह’, दुसऱ्याला ‘ही मस्ट हॅव लेफ्ट’. विद्यार्थी मात्र ‘ही मस्ट लीव्ह यस्टरडे’ म्हणून मोकळा होतो. माहिती सांगतोयस की अंदाज बांधतोयस, हे विचारलं की बरेचदा तो स्वतःच सुधारतो. ‘दव्वार’चं ‘दव्रे’ हे रूप ऐकलं तर सहसा ‘शुड’ हवं असतं, पण भविष्यकाळातलं ‘मला करावं लागेल’ हे रूपही अनेकांच्या तोंडी अगदी तसंच ऐकू येतं, त्यामुळे वाक्य लिहून घ्या. आणि आठची गाडी ‘मस्ट अराइव्ह’ होत नाही, ती ‘इज ड्यू’ असते.

ऑफिसच्या ईमेलमधलं ‘यू मस्ट सेंड मी द फाइल’ वाचून समोरच्याचा पारा चढतो. लिहिणाऱ्याच्या मनात असतं साधं ‘इल फो’, म्हणजे फाइल लागणार आहे, बाकी काही नाही. अशा वेळी ‘कुड यू’ किंवा ‘आय नीड’ वापरायला सांगा.

‘आय विल कॅन’ आणि ‘ही कॅन्स’ पटकन सुटतात. ‘कॅन’ला ‘एस’ लागत नाही आणि भविष्यकाळही नाही, भविष्यासाठी ‘बी एबल टू’ येतं, एवढं सांगितलं की झालं.

परवानगी मागताना ऐकू येतं, ‘डू वी हॅव द राइट टू ईट हिअर?’ व्याकरण ठीक आहे, पण सँडविच खायला कोणी घटनेचा आधार मागतंय असं वाटतं. फ्रेंचमध्ये ‘अव्वार ल द्रवा’ (शब्दशः ‘हक्क असणं’) हे अगदी रोजचं, शाळकरी पोरांच्या तोंडचं. इंग्रजीत ‘आर वी अलाउड टू’ किंवा सरळ ‘कॅन वी’. मॉरिशसच्या क्रिओल या फ्रेंचवरून आलेल्या भाषेतही परवानगीला हाच ‘द्रवा’ लागतो, त्यामुळे तिथल्या मराठी घरांतल्या मुलांकडूनही हे ऐकायला मिळू शकतं.

‘अलाउड’ जमलं, तरी ‘अलाउ’ अडतंच. ‘धिस अलाउज टू सेव्ह टाइम’ हे चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्या फ्रेंच इंजिनिअरांच्या अहवालातही सापडतं. फ्रेंच ‘पेर्मेत्र द’ला कोणाला परवानगी दिली ते सांगावं लागत नाही, इंग्रजीला ते माणूस हवंच: ‘अलाउज अस टू सेव्ह’. ‘लेट’चं उलटं. तिथे माणूस येतो, पण ‘टू’ येत नाही: ‘लेट मी गो’. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून पाठ करायला द्या, वेगवेगळ्या दिवशी शिकवलीत तर हमखास गल्लत होते.